अर्धा फेरा

रविवारी टेबलावर जुना अभ्रा पसरून थोरलीनं एकेक भाग रांगेत मांडला आणि मग मोजदाद केली. सॅडल चार. प्रत्येक सॅडलच्या पोटातून खाली उतरणारे उंचीचे बारीक स्क्रू, दोन-दोन असे आठ. त्यांतले दोन मूळचे नव्हते. मागून येणारे लांब स्क्रू चार. त्यांच्यावरच्या स्प्रिंगा तीन, आणि चौथीच्या जागी बॉलपेनमधली स्प्रिंग. ब्रिजची पट्टी एक. ती लाकडात बसवणारे स्क्रू पाच. तारा चार, वेटोळी करून ठेवलेल्या. एकूण तीस नग. पट्टीखाली साचून दाबला गेलेला धुळीचा थर तिनं मोजला नाही, फुंकून टाकला.

उरलेली बेस गिटार कोचावर उताणी पडली होती. तिच्या शेजारी बाबा बसले होते, ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक बाहेर बाकावर बसतात तसे.

“हा बॉलपेनचा कारभार कोणाचा?” थोरलीनं विचारलं.

“माझा. एकोणीस वर्षं टिकलाय. पेन त्याच्या आधीच संपलं होतं.”

दार उघडंच होतं. जिन्यात खोकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ठोक्याकाका. बाबांच्या पाच जणांच्या बँडमध्ये ते ड्रम वाजवायचे. बँड सुरू झाला तेव्हा थोरली जन्मलेली नव्हती. त्यांचं खरं नाव फक्त बँकेला आणि बायकोला माहीत होतं.

“काय गं मोजपट्टी,” ते म्हणाले, “घोडा तसाच ठेवून नुसतं खोगीर काढलंस?”

“खोगीर ढिलं होतं, काका.”

“बापालाही एकदा असंच उघडून बघ. आत बॉलपेनच सापडेल.”

“तुझ्यात तेही सापडायचं नाही,” बाबा म्हणाले. “नुसतं पिंप आहे.”

ठोक्याकाका हसले, पण बसले नाहीत. स्कूटरची किल्ली बोटात फिरवत टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत राहिले.

“हाताचं काय म्हणाले डॉक्टर?”

“नॉर्मल,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. बाबांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली. मागच्या महिन्यात बाबांच्या हातून दोनदा कप निसटला होता, शर्टाच्या बटणाशी झटापट व्हायला लागली होती, तेव्हा डॉक्टरांनी हाताच्या नसांची तपासणी करायला सांगितली होती. रिपोर्ट आईनंच आणला होता.

“मग बरं झालं,” ठोक्याकाका म्हणाले. “हे बघ, गेले दोन कार्यक्रम लोकांना काही कळलं नसेल. मला कळलं. मी ठोका देतो आणि पाय टाकतो, तर खाली पायरीच नाही.”

“तार सरकते. सॅडल हलतं. बोट जातं तिथं तार नसते.”

“मग ती ठेव जागेवर.” हे ते थोरलीकडे बघून म्हणाले, जणू तार तिनंच सरकवली होती. “शनिवारचा हॉल पूर्ण भरलाय. या वेळी पायरी चुकली तर मला दुसरं कुणीतरी बोलवावं लागेल. आणि मला ते करायचं नाहीये. कळलं का? मला करायचं नाहीये.”

“जा रे,” बाबा म्हणाले. “स्कूटर सुरू करायला तुला अर्धा तास लागतो. आत्तापासून लाग.”

खाली स्कूटर पाचव्या किकला सुरू झाली.

थोरली एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये नोकरी करायची. कारखान्यांतली मोजायची उपकरणं तिच्याकडे यायची आणि ती खरं मोजतात का, हे ती मोजायची. घरातल्या वजनकाट्यावर तिचा विश्वास नव्हता, भिंतीवरच्या घड्याळावर नव्हता आणि आईच्या ‘चिमूटभर’वर तर मुळीच नव्हता. बाबांनी तिला मोजपट्टी म्हणायला सुरुवात केली ती ती सातवीत असताना. तिनं घरातल्या सगळ्या दारांची उंची मोजून एकही दार दुसऱ्याएवढं नाही हे सिद्ध केलं होतं.

पुढ्यातली रचना साधी होती. गिटारच्या अंगावर लोखंडी पट्टी, हा ब्रिज. पट्टीवर चार छोटे पितळी दंडगोल. हे सॅडल. प्रत्येकावर एक तार टेकते. उंचीचे दोन स्क्रू म्हणजे सॅडलचे पाय, आणि ते गुळगुळीत पट्टीवर नुसते उभे असतात. त्यांना जागेवर धरतं ते तारेचं दडपण. दडपण कमी पडलं की प्रत्येक झटक्यासरशी सॅडल केसभर बाजूला जातं. दोन तासांच्या कार्यक्रमात असे केस बरेच साचतात. बोट सवयीनं जातं तिथून तार मिलिमीटरभर लांब असते, आणि तीस वर्षांच्या सवयीला मिलिमीटर म्हणजे फार.

पण सॅडल का सरकतात, हा प्रश्न उरत होता. तिनं आईकडून काळा दोरा मागून घेतला आणि गळ्याच्या टोकापासून ब्रिजपर्यंत ताणला. ब्रिज मध्यापासून दीड मिलिमीटर एका बाजूला बसवलेला निघाला. कारखान्यातच कुणाचा तरी हात चुकला होता. चारही तारा इतकी वर्षं सॅडलना तिरकं ओढत होत्या. शिवाय गळा त्याच्या खाचेत जरा खोल बसला होता. त्यामुळे सॅडल अगदी खाली, पट्टीला पोट टेकल्यासारखी. पाय जेमतेम बाहेर आलेले. पायांवर भार नव्हता.

“म्हणजे पहिल्या दिवसापासून?” बाबांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि मी दुकानदाराला सांगितलं होतं, बघताक्षणी आवडली म्हणून.”

पाचही जुन्या भोकांत तिनं लाकडाच्या बारीक खुंट्या गोंद लावून ठोकल्या. गोंद वाळेपर्यंत जेवणं झाली. मग दोऱ्याच्या रेषेत नवी भोकं पाडली. गळा उतरवून त्याच्या खाचेत मागच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची पितळी पत्री घातली. आता सॅडल वर उचलता आली, पाय बाहेर आले, तारा त्यांच्यावरून जास्त तिरक्या वळल्या आणि खाली दाबायला लागल्या. आठही स्क्रूंच्या आट्यांना निळ्या गोंदाचा एकेक थेंब दिला. हा गोंद कंपनानं सुटत नाही, किल्लीनं जोर लावला तरच सुटतो. सगळ्यात शेवटी तिनं सुईच्या टोकानं प्रत्येक स्क्रूच्या माथ्यापासून सॅडलपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. स्क्रू फिरला तर रेघ तुटेल आणि किती फिरला तेही दिसेल. हे कुणी सांगितलं नव्हतं. लॅबमध्ये करतात म्हणून तिनं केलं.

पाच वाजता बाबांनी गिटार मांडीवर घेतली. आई खिडकीशी मशीनवर कुणाच्या तरी पँटी आखूड करत बसली होती. ती कपडे दुरुस्तीची कामं घ्यायची. बाबांनी दोन मिनिटं काहीतरी संथ वाजवलं. एका ठिकाणी सूर आला नाही. ते मागे गेले, परत तिथं आले. पुन्हा आला नाही. त्यांनी मान वर करून आईकडे बघितलं आणि मग ब्रिजकडे.

“नव्या जागेची सवय व्हायला हवी,” हत्यारं डब्यात भरता भरता थोरली म्हणाली. “दीड मिलिमीटर म्हणजे कमी नाही.”

“हो,” बाबा म्हणाले. “सवय व्हायला हवी.”

सगळ्यात लहान किल्ली, दीड मिलिमीटरची, तिनं दाराजवळच्या फळीवर ठेवली. लागली तर हाताशी असावी म्हणून.

बुधवारी ती लॅबमधून परतली तेव्हा टेबलावर अभ्रा पसरलेला होता आणि त्यावर गिटार. बाबा खुर्ची ओढून तयार होते.

“सरकलं,” ते म्हणाले. “परत.”

ते तक्रार करत होते, पण त्यांचे खांदे सैल होते.

तिनं व्हर्निअर काढला. पहिलं सॅडल एक पूर्णांक एक. दुसरं एक पूर्णांक दोन. तिसरं एक पूर्णांक दोन. चौथं एक पूर्णांक एक. सगळी एकाच दिशेनं. तिनं भिंग आणलं. आठही रेघा तुटल्या होत्या. रेघेचा स्क्रूवरचा तुकडा सॅडलवरच्या तुकड्याच्या बरोब्बर समोर, पलीकडच्या बाजूला गेला होता. अर्धा फेरा. दुसरा स्क्रू, अर्धा फेरा. तिनं आठही पाहिले.

कंपनानं स्क्रू सुटतात, पण आपापल्या मर्जीनं सुटतात. एखादा पाव फेरा, एखादा तीन, आणि एखादा ढिम्म हलत नाही. आठही स्क्रू एकाच वेळी अर्धा फेरा फिरून थांबायचे, तर त्यांना कुणीतरी तसं सांगावं लागतं. आणि हा तर निळा गोंद होता.

तिनं बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

“किती?”

“एक पूर्णांक दोन.”

“बघ,” ते खिडकीला म्हणाले. “मी सांगत होतो.”

आकडा खरा होता. तिनं व्हर्निअर मिटवून पेटीत ठेवला. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: बाबांनी हे केलं असेल, तर ते कुठल्या वेळी, आणि करताना त्यांचा चेहरा कसा असेल.

थोड्या वेळानं बाबा पाय मोकळे करायला खाली गेले. आई मशीनवर जाड कापडाची पिशवी शिवायला बसली. पहिली टीप सैल आली. आईनं मशीनच्या कपाळावरची ताणाची चकती फिरवली, तुकड्यावर चार टाके घालून पाहिले. मान हलवली. परत फिरवली, परत चार टाके.

थोरली चकतीकडे पाहत होती. पहिल्यांदा अर्धा फेरा. दुसऱ्यांदाही.

“अर्धाच का गं?”

“काय अर्धाच?”

“फेरा.”

“पाव फेऱ्यानं काही कळत नाही,” आई म्हणाली. “अख्खा फिरवला तर दोरा तुटतो. अर्ध्यानं काय ते कळतं.” तिनं कापड दाबाच्या पायाखाली सरकवलं. “माझ्या आत्यानं शिकवलंय. हाताला तेच वळण पडलंय.”

“म्हणून तिकडंही अर्धाच?”

मशीन चार टाके पुढे गेलं आणि थांबलं. आईनं पायडलवरून पाय काढला नव्हता, फक्त दाबणं बंद केलं होतं. तिनं दोरा कापला. कापायची गरज नव्हती, टीप अर्धवट होती.

“आठही?” थोरलीनं विचारलं.

“एकच सोडवला असता तर तू तो घट्ट करून मोकळी झाली असतीस.”

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. आई उठली, कपाटाच्या खालच्या खणातून कपडे बेतायची कागदी कटिंगं बाहेर काढली, आणि त्यांच्या तळातून एक पाकीट. ते तिनं थोरलीच्या हातात दिलं आणि परत मशीनवर जाऊन बसली, पाठ करून.

“तुझ्याच भाषेत आहे,” ती म्हणाली. “आकडेच आकडे.”

दोन पानं होती. डावा हात, उजवा हात, प्रत्येक नसेपुढे सिग्नलचा वेग आणि उंची. वेग दोन्हीकडे ठीक होते. उजव्या हाताच्या एका नसेपुढे, जिथं उंची निदान दोन हवी होती, तिथं शून्य पूर्णांक चार होती. थोरलीनं ते दोनदा वाचलं. मग पान उलटून यंत्राचा नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख शोधली. ती तिथं होती आणि चालू वर्षाची होती.

“डॉक्टर म्हणाले, नस दबलेली नाही. दबलेली असती तर सोडवता आली असती,” आई भिंतीकडे तोंड करून सांगत होती. “आतले धागे कमी होतायत म्हणाले. जे गेले ते येणार नाहीत. उरलेत ते किती टिकतील, ते सांगता येत नाही.”

“आणि तू बाबांना सांगितलंस, नॉर्मल आहे.”

“हो.”

“आई.”

“मला माहितीये. तू काय म्हणणार ते सगळं मला माहितीये. मी तेच बसमध्ये सगळा रस्ताभर स्वतःला म्हणत आले.” तिनं मशीनचं चाक हातानं थोडं मागे फिरवलं. “मी सांगणारच होते. मग तू ते सगळं उघडून बसलीस. दोरा काय, पत्री काय. मलाही वाटलं, असेल बाई, खरंच तेच असेल. आणि मग त्यांनी वाजवायला घेतलं. दोनदा चुकलं. तुझं लक्ष नव्हतं, तू डबा भरत होतीस. त्यांनी माझ्याकडे बघितलं.”

थोरलीनं दोन्ही पानं घडी करून पाकिटात घातली.

“इतके दिवस तार सरकायची. वाकडी असेल, जुनी असेल, पण सरकायची. आता दोष द्यायला काय राहिलं त्यांच्याजवळ? तू काही उरवलंच नाहीस गं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. शिवणात कापड कमी पडलं हे ती गिऱ्हाइकाला सांगायची, तोच आवाज होता.

“शनिवारपर्यंत,” आई म्हणाली. “तेवढा कार्यक्रम होऊ दे. मग मी सांगते.”

“आणि शनिवारी चुकले तर?”

“तर तार सरकली म्हणून चुकले.”

त्या संध्याकाळी थोरलीनं जुना गोंद खरवडून सगळं पुन्हा लावलं. सॅडल मूळ जागी, आठही स्क्रू मूळ उंचीवर, नवा गोंद, नवी रेघ. काम रविवारपेक्षा लवकर झालं, कारण आता शोधायचं काही नव्हतं. बाबा मधूनच येऊन डोकावत होते. त्यांना ती म्हणाली, “गोंद कमी पडला होता.” ते म्हणाले, “असेल.”

आई स्वयंपाकघरात असताना तिनं फळीवरची किल्ली उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. का, ते तिनं स्वतःला नीट सांगितलं नाही. चुकीचं दाखवणारं उपकरण लॅबमध्ये वेगळ्या कपाटात ठेवतात, कुणी चुकून वापरू नये म्हणून. इतपत ती पोचली आणि तिथंच थांबली.

गुरुवारी बाबा सरावाला गेले आणि नेहमीपेक्षा लवकर परतले. गिटारची पिशवी त्यांनी हातानं न उचलता कोचाशी टेकून खांद्यावरून घसरू दिली. ठोक्याकाका वर आले नाहीत. खालूनच त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला आणि या वेळी स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली.

शुक्रवारी थोरली घरी आली तेव्हा शिवणकामाच्या टेबलाचे तिन्ही खण अर्धवट उघडे होते आणि बटणांचा डबा जमिनीवर उपडा पडला होता. आई गुडघ्यांवर बसून बटणं गोळा करत होती.

“काय झालं?”

“सुई पडलीय,” आई म्हणाली. “तू पाय जपून टाक.”

थोरलीही खाली बसली. दोघींनी मिळून बटणं भरली. सुई मिळाली नाही. नंतर तिनं गिटार काढून पाहिली: रेघा आठच्या आठ अखंड, सरक शून्य. बाबा समोरच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी “किती?” असं विचारलं नाही.

शनिवारी कार्यक्रम सातला होता. दुपारी दोनला आई शिवलेले कपडे द्यायला बाहेर पडली. तिची पावलं जिन्यात खालपर्यंत पोचल्यावर बाबांनी स्वतःच टेबलावर अभ्रा पसरला. तो चौकोनी बसेना, म्हणून त्याचे कोपरे ओढत राहिले. मग गिटार आणून आडवी ठेवली.

“किल्ली आहे ना तुझ्याकडे?”

तिनं पर्समधून काढली.

“आज नीट लाव. अगदी नीट.”

“नीटच आहे, बाबा. कालच बघितलं.”

“उंची थोडी कमी करावी लागेल. तिची बोटं लहान आहेत, तिला एवढ्या उंच तारा जड जातील.”

“कुणाची बोटं?”

“आज वाजवणारेय तिची.” ते अभ्र्याची एक सुरकुती हातानं सपाट करत होते. “गुरुवारी सरावाहून आलो, आणि काल सकाळी ठोक्याला फोन केला. पहिल्यांदा शिव्या दिल्या त्यानं. मग म्हणाला, एक मुलगी आहे, चांगली वाजवते, पण तिची स्वतःची गिटार दुरुस्तीला टाकलीय. म्हटलं, आमच्याकडची नुकतीच दुरुस्त झालीय.”

थोरली किल्ली हातात धरून उभी होती.

“आणि तुम्ही?”

“मी जाणार की. केबल कोण गुंडाळणार? ठोक्या कोपरावर दोरखंड गुंडाळतो तशा गुंडाळतो. तीस वर्षं सांगतोय, आतून तुटतात म्हणून.”

ती खाली बसली. उजेड कमी होता म्हणून बाबांनी दिवा लावला आणि टेबलाच्या कडेशी ओढून धरला. तिनं पहिल्या स्क्रूत किल्ली घातली आणि जोर लावला. गोंद टक्कन सुटला. तिनं किल्ली फिरवली, तारेखाली माप धरलं, परत थोडी फिरवली. दोन पूर्णांक सहावरून दोन पूर्णांक दोन. मग दुसरा पाय तेवढाच, म्हणजे सॅडल तिरकं होणार नाही. आठ स्क्रूंना वीस मिनिटं लागली. बाबा दिवा धरून होते, डाव्या हातात. मधे एकदा ते म्हणाले, “गोंद पुन्हा लाव हं,” आणि ती म्हणाली, “लावतेय.”

काम संपल्यावर तिनं किल्ली पुसली आणि पर्सकडे हात नेला.

“फळीवर ठेव ना,” बाबा म्हणाले.

तिनं मान वर केली.

“काल तासभर शोधत होती. बटणांचा डबासुद्धा उपडा केला. मी विचारलं तर म्हणे सुई पडलीय.” त्यांनी दिवा टेबलावर ठेवला. “मला म्हणाली, तुम्ही चपला घालून फिरा.”

“बाबा, तुम्हाला…”

“मंगळवारी दुपारी मी पडलो होतो. तिला वाटलं झोपलोय. इथं बसली होती, या खुर्चीत. दरवेळी एक स्क्रू झाला की आतल्या खोलीकडे बघायची. एवढी घाबरलेली मी तिला कधी बघितली नाही. आमच्या लग्नातसुद्धा नाही.” ते थोडं हसले. “आज गिटार हॉलवरच राहील, उद्या ठोक्या आणून देईल. गिटार परत इथं आली की किल्ली फळीवर असू दे. एवढं करते तुझी आई. करू दे तिला.”

“तुम्ही रिपोर्ट बघितलात?”

“रिपोर्ट कशाला लागतो गं? माझं बोट आहे ते.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि चारही तारा हाताशिवाय हलकेच गुणगुणल्या. बाबांनी त्यांच्यावर तळवा ठेवून त्या गप्प केल्या. मग गिटार उचलून पिशवीत घातली, चेन ओढायला थोरलीनं मदत केली. अभ्रा रिकामा झाला. बाबांनी त्यावर आपले दोन्ही हात पालथे ठेवले, एकमेकांपासून वीतभर अंतरावर.

“आता हे मोज.”

तिनं त्या हातांकडे पाहिलं.

“लॅबमध्ये मोजतेस तसं. मला बरं वाटावं म्हणून नको. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू, म्हणजे कळेल किती वेगानं जातंय. अंदाजानं जगायचा कंटाळा आलाय मला.”

थोरलीनं व्हर्निअर पेटीतून काढला, मिटवून शून्य केला. खुर्ची पुढे घेतली.

“तळवे सपाट,” ती म्हणाली. “बाकीची बोटं टेकलेली. मनगट उचलायचं नाही. फक्त अंगठ्याजवळचं बोट, जमेल तेवढं वर. आणि तिथं थांबायचं.”

“आधी कुठलं?”

“डावं.”

बाबांनी डावी तर्जनी उचलली. तिनं व्हर्निअरची मागची पट्टी टेबलाला टेकवून उभी धरली आणि बोटाच्या पेराखाली आणली. आकडा वाचला. “खाली. परत.” तीनदा. मग ती उजव्या हाताकडे वळली. पहिल्या वेळी बाकीची बोटं मदतीला उठली, तेव्हा तिनं तो आकडा सोडून दिला आणि आपला तळवा त्यांच्या बोटांवर दाबून धरला. हात गार होता. “खाली,” ती म्हणाली. “परत.” बाबा डोळे मिटून बसले होते, एखादी लांबची गोष्ट ऐकू येते का बघावं तसे. “परत.”

तिनं तीन-तीन आकड्यांची सरासरी काढली.

“लिही,” बाबा म्हणाले. “तारखेसकट.”

तिनं तारीख लिहिली आणि तिच्याखाली दोन ओळी.

डावी तर्जनी: एकेचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर.

उजवी तर्जनी: सहा पूर्णांक दोन.